कावी-कंबोईला रविवार बघून नको, तिथी बघून निघा

समुद्र म्हटला की आपल्या बडोदेकरांच्या गाड्या दमणला, नाहीतर थेट कोकणात. पादरा-जंबुसरवरून जेमतेम दोन तासांवर असलेला कावी-कंबोईचा किनारा मात्र 'स्तंभेश्वराचं (भरतीत बुडणाऱ्या महादेवाच्या देवळाचं) दर्शन, दोन फोटो, चला परत' एवढ्यावर आटोपतो. मला हे मुळीच पटत नाही. मही नदी खंभातच्या आखाताला मिळते तिथली भरती देवळाइतकीच बघण्यासारखी आहे, आणि तिला अर्धा दिवस द्यावा लागतो.

हे आखात नरसाळ्यासारखं. तोंडाशी रुंद, आत अरुंद आणि उथळ. आत घुसलेल्या पाण्याला पसरायला जागाच नाही, मग ते वर चढतं. उधाणाला या आखातात भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या घरात जातो. मुंबईत तो ५ मीटरही क्वचितच होतो.

हे उधाण बघायला पौर्णिमा-अमावास्येनंतरचे एक-दोन दिवस सगळ्यात चांगले. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांगाची भरती, पाणी कमी चढतं, आणि देऊळ बुडताना बघायला आलेली मंडळी हिरमुसून परततात. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे मागच्या आठवड्यातल्या व्हिडिओतली वेळ धरू नका. मुंबईचं कोष्टकही नको. पाणी इथवर पोचायला काही तास जास्त लागतात. मंदिराचं तिथीवार वेळापत्रक विचारून घ्या आणि पूर्ण ओहोटीला पोचा. आधी दर्शन, मग वर काठावर बैठक.

ओहोटीला चिखलाकडे नीट बघा. निवटी हा चिखलातला मासा (आपले गुजराती शेजारी लेवटा म्हणतात). ती पुढच्या परांवर रेटत चिखलावरून सरपटते, मध्येच टुणकन उडी मारते. शेजारी बोटभर खेकडा, एकच नांगी अंगाएवढी, ती सारखी वरखाली हलवत असतो. हिवाळ्यात चिखलात चोच खुपसणारे पाणपक्षीही दिसतात.

त्या चिखलात मात्र उतरू नका. वरून घट्ट वाटतो, पाय पडला की गुडघ्यापर्यंत जातो, आणि उतार इतका कमी की पाणी हां हां म्हणता मागून येतं. पोहणं तर नाहीच. मुलांना हे घरूनच सांगून न्या.

पाणी गढूळ दिसतं म्हणून नाकं मुरडू नका. तो मही, नर्मदा, साबरमतीचा गाळ आहे. परतताना कावी गावातली सासू-सुनेची जैन देरासरं (देवळं) बघून घ्या. टोपी, पिण्याचं पाणी आणि एक जुनी चप्पल बरोबर असू द्या.