खुलासा : कॅमेऱ्याच्या महागड्या बॉडीने फोटो शार्प येत नाही

‘फिल्म कॅमेऱ्यात बॉडी भारी घ्या, लेन्स कुठलीही चालते’ हा मेसेज सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर फिरतोय. मूळ पोस्ट माझीच, आणि ती चुकीची आहे.

फिल्मवर प्रतिमा उमटवते ती लेन्स. बॉडी म्हणजे अंधारी पेटी: रोल सपाट धरायचा, शटर ठरल्या वेळेपुरतं उघडायचं.

शंका आली म्हणून कृष्णेच्या घाटावर ट्रायपॉड लावला, समोर आयर्विन पूल. एकच ५० एमएम लेन्स निकॉनच्या दोन बॉडींवर, स्वस्त एफएम१० आणि महागड्या एफएम२ वर, आलटून पालटून लावली. एकाच जातीचे रोल, लेन्सचं छिद्र (एफ/८) आणि शटरचा वेळ (१/१२५ सेकंद) दोन्हीकडे तेच. निगेटिव्हवर भिंग धरलं, तर पुलाची कड दोन्हीकडे सारखीच. मग दोन पावसाळे कपाटात पडलेली, आत बुरशीची जाळी धरलेली लेन्स लावली. त्याच एफएम२ वर सगळं धुरकट!

बॉडी अगदीच बिनमहत्त्वाची नाही. शटर मंदावलं किंवा मागच्या दाराचा, प्रकाश अडवणारा फोम कुजला तर रोल वाया जातो. म्हणून बॉडी धड चालणारी बघा, उरलेले पैसे लेन्सवर घाला.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय, त्यांना हा द्या.