अडकलेलं शटर आणि ‘मारा स्प्रे, सुटेल’चा सल्ला

जुन्या कॅमेऱ्याचं शटर अडकलं की एक सल्ला हमखास मिळतो: कॅमेरा उघडू नका, फटीतून डब्ल्यूडी-४० (अडकलेले भाग सोडवायचा तेलकट स्प्रे) मारा, नाहीतर लायटर फ्लुइड सोडा, ते काहीही मागे न ठेवता उडून जातं. तरी चिकट राहिलं तर अ‍ॅसिटोन, आणि अल्कोहोल कुठलंही चालतं. यातली लायटर फ्लुइडची गोष्ट तेवढी अर्धी खरी आहे.

डब्ल्यूडी-४० मधलं सॉल्व्हंट उडतं, तेल आतच राहतं. सुरुवातीला शटर छान चालतं, म्हणून तर हा सल्ला टिकून आहे. पण लीफ शटरची, म्हणजे भिंगातल्या पातळ पात्यांनी उघडझाप करणाऱ्या शटरची, पाती कोरडी चालायला बनवलेली असतात; तेलाचा पुसट थरही त्यांना एकमेकांना चिकटवून धरतो.

लायटर फ्लुइड म्हणजे नॅफ्था. तेल-ग्रीस विरघळवायला हाच योग्य. धातूला आणि बहुतेक प्लास्टिकला तो धक्का लावत नाही. मात्र उडतो तो नॅफ्था, त्यात विरघळलेलं ग्रीस नव्हे. ते पात्यांवर पसरून पुन्हा सुकतं. म्हणून आधी भिंगांचे पुढचे-मागचे गट काढा. पात्यांवर २-३ थेंब टाका, शटर १०-१५ वेळा चालवा आणि ओल असतानाच टिपकागदाने टिपून घ्या. कागदावर डाग उमटायचे थांबेपर्यंत हेच करत राहा. वेग पूर्ण सुकल्यावरच तपासा. ओलं शटर रेंगाळतंच. फक्त मंद वेगच अडखळत असतील तर दोष एस्केपमेंटमध्ये, म्हणजे मंद वेगांची वेळ राखणाऱ्या दातेरी चाकांच्या यंत्रणेत, आहे: ते सुटं काढून धुवा आणि सुईच्या टोकावर मावेल एवढंच घड्याळाचं तेल आसांच्या टोकांना द्या, दात्यांना नाही. कापडी पडद्याच्या शटरवर नॅफ्था अजिबात नको, पडद्यावरचं रबर फुगतं.

अ‍ॅसिटोन आत नेऊच नका. रंग, सेल्युलॉइड, अ‍ॅक्रिलिक, एबीएस प्लास्टिक सगळं त्यात विरघळतं. किती फोटो झाले ते दाखवणाऱ्या काउंटरची खिडकी एका थेंबात धुरकट होते.

७०% अल्कोहोलमध्ये उरलेलं जवळजवळ सगळं पाणीच असतं, ते पोलादी स्प्रिंगांना गंज आणतं. ९९% आयसोप्रोपिल अल्कोहोल प्रकाश अडवणाऱ्या कुजलेल्या फोमचे अवशेष काढायला उत्तम, पण ग्रीसपुढे दुबळं. शिवाय स्क्रू पक्के ठेवायला लावलेली लाख त्यात विरघळते आणि स्क्रू पुढे आपोआप सैल होतात.

या सल्ल्यात आगीचा उल्लेखही नसतो, याचं खरंच वाईट वाटतं. नॅफ्थाची वाफ ० अंश सेल्सिअसखालीही पेट घेऊ शकते आणि हवेपेक्षा जड असल्याने टेबलावरून खाली साचते. खिडकी उघडी ठेवा, जवळ ज्योत किंवा हीटर नको, आणि भिजलेले टिपकागद मोकळ्या हवेत सुकवूनच टाका.