30 किलोमीटरला 1200 रुपये : हिशोब पुरा मांडा

सुट्ट्या लागल्या की एक मेसेज फिरतो : "रत्नागिरी स्टेशन ते गणपतीपुळे जेमतेम 30 किलोमीटर. डिझेल 200 चं, भाडं 1200. टॅक्सीवाले लुटतात, दिवसभर स्टँडवर झोपतात आणि पावसात दर वाढवतात."

डिझेलचा हिशोब अर्धाच आहे. गाडी परत येते, आणि बहुतेकदा रिकामी. गणपतीपुळ्याच्या स्टँडवर तिथल्याच गाड्यांचे रांगेतले नंबर असतात; बाहेरच्याने भाडं उचललं की भांडण. म्हणजे 60 किलोमीटर. चढउतार, एसी आणि भरलेली गाडी धरून लिटरला 14-15 पडले तर डिझेलच पावणेचारशेच्या आसपास जातं.

उरलेले सगळे खिशात जात नाहीत. गाडीच्या कर्जाचा हप्ता, विमा, टायर आहेतच. पिवळ्या पाटीच्या गाडीला 8 वर्षांपर्यंत दर 2 वर्षांनी, पुढे दरवर्षी पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, करावं लागतं.

आणि खारा वारा. हा खर्च घाटावरच्या माणसाच्या लक्षातच येत नाही. सायलेन्सरचे जोड कुजतात. ब्रेक कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात, मग एक पॅड झिजून संपतं आणि जोडीचं जवळपास नवंच राहतं. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. म्हणून पावसाआधी पिना काढून, घासून सिलिकॉन ग्रीस लावायचं. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिना पुन्हा अडकतात. अर्थिंगची वायर गंजली की स्टार्टर ओढत नाही. अशा वेळी चांगली बॅटरी उगाच बदलली जाते. आधी वायरचं टोक घासून पाहावं.

स्टँडवरची झोप ही कामाचाच भाग आहे. रेल्वे तीन तास लेट असली तरी नंबर सोडून घरी जाता येत नाही, गेलं तर रांगेत शेवटी. आणि रात्री वळणावळणाच्या रस्त्यावर स्टीअरिंगवर बसणारा माणूस आधी झोपून घेतलेला असलेलाच बरा.

पावसात रस्ता बदलतो. आरे-वारेचा किनारी रस्ता सोडून निवळी-जाकादेवीवरून जायचं तर किलोमीटर वाढतात, त्यामुळे भाडंही वाढतं.

मेसेजमधल्या "लुटतात" या तक्रारीत एक गोष्ट मात्र रास्त मानायला हवी : मध्यरात्री अडलेल्या कुटुंबाला मनाला येईल तो आकडा सांगणारे आहेत, आणि ते चूकच. दर स्टँडवर ठळक लिहिलेला हवा. तोवर बसण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या : भाडं एकेरी की जाऊन-येऊन, वेटिंग त्यात धरलंय का, आणि गाडी कुठल्या रस्त्याने जाणार.