आडव्या बाटलीची अट

गावातले देशी दारूचे दुकान बंद करायचे, तर मराठवाड्यातील बायांनी आधी २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या गोळा करायच्या आणि मग गुप्त मतदानात ‘आडव्या बाटली’ला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या चिन्हाला, यादीतील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते मिळवायची. म्हणजे बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला गेलेली बाई आणि यादीत नाव उरलेली मयत आजीसुद्धा दुकानदाराच्याच पारड्यात पडते! आमदारकीच्या उमेदवाराला असली अट कुणी घातलेली नाही.

विकणाऱ्याचे मात्र सुरळीत चालते. दारूबंदीचा कायदा १९४९ सालचा आहे आणि त्यानुसार पिणाऱ्याकडेही परवाना असावा लागतो. तो कुणी मागितल्याचे निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. त्यात छत्रपती संभाजीनगरात ‘बटन’ या नावाने झोपेच्या गोळ्या विकल्या जातात, आणि त्या दारूबरोबर घेतल्यास श्वास मंदावून जीव जाऊ शकतो, असे सांगितले की घरचेच म्हणतात, “वय आहे, सुटेल.” कसे सुटेल? वर्षानुवर्षे पिणाऱ्याने दारू एकाएकी थांबवली तर त्याला झटके येतात, भ्रम होतो, त्याला डॉक्टरच लागतो. आणि आमच्याकडे त्याला आधी देवऋष्याकडे नेतात.