कलाकेंद्र उभारायचंय? आधी कुलूप विकत घ्या

आपल्या तालुक्याच्या गावातही एखादं कलाकेंद्र असावं, असं तुम्हाला वाटायला लागलंय? अभिनंदन. जागा शोधत वणवण करू नका. गावात शाळा आहेच. शाळेला मैदान आहे, मैदानाच्या कडेला पडीक कोपरा आहे आणि संस्थेच्या कार्यकारिणीत कोनशिलेवर नाव यायचं राहून गेलेली बरीच मंडळी आहेत. एवढं भांडवल पुरतं.

शाळेची जागा, गावाचा पैसा. दिवसा मुलांना चित्र, गाणं, नाटक शिकायला मिळणार आणि संध्याकाळी गावातल्या कलाकारांना तालमीला छप्पर. योजना इतकी सरळ आहे की ती वाया घालवायची तर मेहनत घ्यावी लागते. आमच्या गावाने ती घेतली. त्या अनुभवातून हे सल्ले देतोय, तेही फुकट.

पैशाची काळजी नको. माजी विद्यार्थ्यांना शाळेचा गहिवर साधारण स्नेहसंमेलनाच्या जेवणानंतर येतो, पावतीपुस्तक तेव्हाच बाहेर काढा. खुर्चीच्या पाठीवर नाव टाकू म्हणून सांगा. मग एमआयडीसीतल्या मोठ्या कंपनीत जा. २०१३ च्या कंपनी कायद्याने अशा कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात, आणि त्या यादीत कला-संस्कृतीही बसते. आमदारसाहेबांचा निधी हवा असेल तर आधी फलक रंगवून घ्या, इमारत मागाहून झाली तरी चालते.

लेखी करार अजिबात करू नका. ‘आपलीच शाळा, आपलीच माणसं, कागद कशाला?’ असं बैठकीत कुणीतरी ज्येष्ठ म्हणणारच, तेव्हा माना डोलवा. एखादा आगाऊ माणूस मध्येच सांगेल की शाळा चालवणारी संस्था सार्वजनिक न्यास आहे, १९५० च्या विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. तेव्हा वापराचे वार, वेळा, वीजबिल, दुरुस्ती आणि किल्ली कुणाकडे, हे सगळं आत्ताच कागदावर आणू, असा आग्रहही तो धरेल. त्याला चहा पाजा. पुढच्या बैठकीचा निरोप मात्र देऊ नका.

रंगमंच बांधताना नाटकवाल्यांना विचारायचं नाही. ते विंगा मागतात, पडदा ओढायला जागा मागतात, थ्री-फेज वीज मागतात, म्हणजे खर्चच खर्च. सरळ चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी घाला. तिच्यात खिळा जात नाही, त्यामुळे नेपथ्याचे फ्लॅट, म्हणजे लाकडी चौकटीच्या भिंती, उभे करायची कटकटच संपते. त्याच फरशीवर भरतनाट्यमच्या मुलींना पाय आपटू द्या, गुडघे त्यांचे आहेत. विंगा नसल्या म्हणून काय झालं? पात्रांनी समोरच्या पायऱ्यांवरून यावं, सत्काराला पाहुणे येतात तसं. रंगभूषेच्या खोलीत लेझीम आणि फाटके व्हॉलीबॉल रचा. छताला पत्रा ठोका, आषाढात कुणाचे संवाद पाठ नसले तरी कळत नाही. प्रकाशयोजनेला ट्यूबलाइट आहेतच.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी नाटकासाठी पॅलेस थिएटर उभारलं १९१५ साली आणि कुस्तीसाठी त्याला लागूनच खासबागेचं मैदान दिलं. दोन कामांना दोन जागा लागतात, हे राजाला कळत होतं. आमची कार्यकारिणी त्याच्याही पुढे. तिने एकाच हॉलात बारावीची परीक्षा, मतदान, कराटे, साखरपुडे आणि शिक्षक प्रशिक्षण बसवलं. एवढ्यातूनही उरलेल्या वेळात कला.

उद्घाटनाला मालिकेतली नटी बोलवा आणि गावातल्या नटांना पार्किंगला उभं करा.

आता सगळ्यात मोलाचा सल्ला: कुलूप. चांगलं, जाड, पितळी घ्या. इमारतीच्या अंदाजपत्रकात काटछाट करा, कुलपात करू नका. किल्ली एकच ठेवा. ती शिपायाकडे असावी, शिपायाला मुख्याध्यापकांच्या हुकुमाशिवाय ती देता येऊ नये, मुख्याध्यापकांना अध्यक्षांच्या होकाराशिवाय हुकूम काढता येऊ नये, आणि अध्यक्ष नेहमी पुण्याला असावेत.

याचा लाभ गेल्या महिन्यात आम्हाला झाला. राज्य नाट्य स्पर्धेची तालीम होती. आमच्या नाट्यमंडळात एक बँकेतला कारकून आहे, एक एसटीचा कंडक्टर, एक सिस्टर, एक किराणा दुकानवाला. सगळे पोटापाण्याचं उरकून, चेहऱ्यावर दोन हबके पाणी मारून रात्री आठला जमतात. रीतसर अर्ज दिलेला. ‘परवानगी देण्यास हरकत नाही’ असा शेरा त्यावर आलेला. पैसे भरलेले, पावती खिशात. फाटकाला कुलूप. शिपाई म्हणाला, ‘सरांचा फोन आल्याबिगर नाही बा.’ सरांना फोन लावला, ते म्हणाले, ‘संस्थेचा विषय आहे, अध्यक्षांना विचारा.’ अध्यक्ष म्हणाले, ‘हॉल शाळेच्या ताब्यात आहे, सरांशी बोला.’ सर मग उचलेनातच. आमच्या नायिकेचं लहान मूल सासूच्या हवाली होतं, कंडक्टरला पहाटे पाचची गाडी होती. फाटकाबाहेर, पथदिव्याखाली पहिला अंक केला. कुत्र्यांनी साथ दिली.

दुसऱ्या दिवशी गेलो तर हॉल लखलखतोय! दारं सताड उघडी, स्पीकर चालू. मनात म्हटलं, ऐकलं बुवा कुणीतरी. आत साड्यांचा सेल. आमच्या रंगमंचावर, हो, आमच्याच, माझ्या वडिलांच्या नावाची खुर्ची आहे तिथे, तर त्या रंगमंचावर ‘कोणतीही घ्या’चा ढीग आणि मागे पैसे मोजायचं टेबल. चार दिवसांसाठी भाड्याने दिलेला. आमची तारीख? ‘तुमचं काय, घरचंच आहे, पुढे-मागे होईल.’ कार्यकारिणीतले एक गृहस्थ तिथेच सौभाग्यवतींची पिशवी धरून उभे होते. त्यांना विचारलं तर हसून म्हणाले, ‘अहो, हातमाग हीसुद्धा कलाच ना?’

आहे की. एखादा विणकर माग मांडून बसला असता तर त्याला दंडवत घातला असता, शाळेतली पोरं समोर बसवून ताणा-बाणा दाखवायला सांगितला असता. कलाकेंद्रात तेच व्हायला हवं. पण तो सगळा माल पॉलिस्टर होता हो! यंत्रावरचा, गठ्ठ्याने आणलेला! आणि तो विकायला जागा हवी होती तर बाजारपेठेत मंगल कार्यालयं काय ओस पडलीत? लोकांकडून खुर्चीमागे पैसे कलेच्या नावाने घेतले होते ना? त्या म्हाताऱ्या गुरुजींनी पेन्शनमधून दिलेले पैसे काय सेलवाल्याला पंखे लावून द्यायला दिले होते?

असो. सल्ल्यांकडे वळू. कलाशिक्षक निवृत्त झाले की जागा भरू नका.

हा सल्ला एका ओळीत संपवणार होतो, पण राहवत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. सहावी ते आठवीत शंभराच्या वर मुलं असतील तर कलेसाठी अर्धवेळ का होईना पण निदेशक द्या, असं त्याच्या परिशिष्टातच म्हटलंय. आमच्या कलाकेंद्राच्या शाळेत चित्रकलेचा तास गणिताचे सर घेतात, म्हणजे त्या तासाला गणित होतं. तबल्यांची जोडी कपाटात आहे. कपाटाला कुलूप आहे, ते वेगळं.

पुरे झाली थट्टा.

संस्थाचालकहो, तुम्हाला कलाकेंद्र कधी नकोच होतं. तुम्हाला लोकांच्या पैशातून भाड्याचा हॉल हवा होता आणि ‘कला’ म्हटल्याशिवाय लोक खिशात हात घालत नव्हते. शाळेला खर्च असतात, वेतनेतर अनुदान वेळेवर येत नाही, हे आम्हाला कळतं. मग तसं तोंडाने सांगायचं होतं. महिन्यातले दहा दिवस भाड्याला, वीस दिवस कलेला, असं म्हणाला असतात तर गावाने मान्य केलं असतं. मुख्याध्यापकांना मधल्या मध्ये उभं करून स्वतः नामानिराळे राहता, याची तरी लाज धरा.

आणि बाकीच्यांनी हसू नका. तुम्हीच ते पालक. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला अ श्रेणी मिळाली की दहावीला सात गुण वाढतात, तेवढ्यापुरती पोरांच्या हातात रंगपेटी देता आणि निकाल लागला की ती माळ्यावर टाकता. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, म्हणजे शाहू महाराजांचं तेच पॅलेस थिएटर, जळालं, तेव्हा स्टेटसला मेणबत्त्या तुम्हीच लावल्या होत्या. आपल्या गावात प्रयोग होतो तेव्हा पास मागता, आणि पास मिळाल्यावर येत नाही. सेलला मात्र रांग होती. मी पाहिलीय, त्यात माजी विद्यार्थी संघाचे दोन पदाधिकारीही होते.

आता काय करायचं ते साधं आहे. आठवड्यातले चार दिवस, संध्याकाळी सहा ते दहा हॉल कलेसाठी, असं लेखी द्या आणि वेळापत्रक फाटकावर लावा. दुसरी किल्ली करून नाट्यमंडळाकडे द्या, हवी तर नोंदवहीत सही घ्या. शनिवारी दुपारी शाळेच्या पोरांना तालमीला येऊन बसू द्या, आम्ही शिकवतो, मानधन नको. चित्रकलेचा शिक्षक मिळेपर्यंत गावातले दोन पेंटर यायला तयार आहेत, मी विचारून आलोय. आणि साड्यांच्या सेलचं भाडं किती आलं, कुठल्या खात्यात जमा झालं, ते येत्या वार्षिक सभेत वाचून दाखवा. नसेल दाखवायचं तर देणगीच्या पावत्यांच्या झेरॉक्स काढून आम्ही सहायक धर्मादाय आयुक्तांकडे जातो. जिल्ह्याच्या गावाला एसटी थेट आहे, आणि कंडक्टर आमच्याच नाटकातला आहे.