दुखत नाही, म्हणजे सायनस ठीक?

सध्या एक संदेश हातोहात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सायनस म्हणजे साचलेली सर्दी. डोकं दुखत असेल तरच सायनस, दुखत नसेल तर निश्चिंत राहा. एकच नाकपुडी चोंदत असेल तर नाकाचं हाड वाकडं आहे, बाकी काही नाही. शेंबूड हिरवा झाला की अँटिबायोटिक घ्या. वाफ हा रामबाण उपाय, आणि स्कॅन ही पैसे काढायची युक्ती.

सायनस म्हणजे खरं तर चेहऱ्याच्या हाडांतल्या, नाकात उघडणाऱ्या हवेच्या पोकळ्या. शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे संदेश निम्मा बरोबर आहे. साध्या सर्दीत सुजलेले सायनस बहुतेकांचे 10 दिवसांच्या आसपास आपोआप निवळतात आणि त्यासाठी स्कॅन लागत नाही. उगाच काढला तर गोंधळच वाढतो, कारण काहीही त्रास नसलेल्या कित्येकांचं सायनसचं अस्तर स्कॅनमध्ये थोडंफार जाड दिसतंच. पण ‘बहुतेकांना नको’ यावरून ‘कुणालाच नको’ हे कसं निघालं?

‘दुखत असेल तरच सायनस’ हे तर दोन्हीकडून चुकतं. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘सायनसची डोकेदुखी’ असा शिक्का बसलेले, पण ताप किंवा पू नसलेले 2,991 जण तपासले, तर 88 टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनच्या जातीची निघाली. म्हणजे दुखतं ते बऱ्याचदा सायनसमुळे नसतं.

आणि सायनस खरोखर बिघडलेला असून अजिबात दुखत नाही, असंही होतं. सायलेंट सायनस सिंड्रोम या दुर्मीळ आजाराचं नावच ‘मुका’ आहे. हे नाव 1994 मध्ये रूढ झालं. गालाच्या हाडातल्या सायनसचं नाकात उघडणारं तोंड बंद होतं, आतली हवा हळूहळू शोषली जाते, पोकळीतला दाब उतरतो आणि तिच्या भिंती आत ओढल्या जातात. या सायनसचं छत म्हणजेच डोळ्याच्या खोबणीची जमीन, आणि ती असते कागदासारखी पातळ. ती खचते, तसा डोळा खाली आणि आत जातो. रुग्ण बहुधा तिशी-चाळिशीतला असतो. नाकाची तक्रार नसते, म्हणून तो जातो डोळ्यांच्या डॉक्टरकडे: एक डोळा लहान दिसतो, पापणीवर खळगा पडलाय, कधी एकाचे दोन दिसतात. काहींना तर दुसराच डोळा पुढे आल्यासारखा वाटतो. अशा वेळी जुने फोटो शेजारी ठेवून पाहिले की बदल कधी सुरू झाला ते कळतं. स्कॅनमध्ये चित्र स्पष्ट असतं: सायनस आक्रसलेला, भरलेला, भिंती आत वळलेल्या. गाठ किंवा म्युकोसील (शेंबूड साचून फुगलेला सायनस) डोळ्याला ढकलतं, हा आजार ओढतो. फरक ओळखायची खूण हीच. दुर्बिणीने सायनसचं तोंड मोकळं केलं की ओढ थांबते, आणि कित्येकदा डोळा बराचसा जागेवर येतो. वाफेने हे होणार नाही.

एका नाकपुडीचं काय? हाड वाकडं असू शकतं, नाही कोण म्हणतं. पण एकाच बाजूचा त्रास टिकून राहिला, तर आत दुर्बीण घालून बघितल्याशिवाय हाडावर खापर फोडू नये. वरच्या दाढांची मुळं गालाच्या सायनसच्या तळाला टेकलेली असतात. दाढ किडली तर एकाच बाजूने घाणेरड्या वासाचा पू येतो, आणि दाढ सोडून सगळ्यावर उपचार होत राहतात. एका बाजूने रक्तमिश्रित स्राव येत असेल तर इन्व्हर्टेड पॅपिलोमा (नाकातली एक प्रकारची गाठ) किंवा कर्करोग नाही ना, हे पाहावंच लागतं. वर्षानुवर्षं लाकडाच्या भुशात काम केलेल्यांनी तर विशेष जपावं. वाकल्यावर एका नाकपुडीतून स्वच्छ पाणी टपकत असेल तर ती सर्दी नसून मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. बीटा-2 ट्रान्सफेरिन या प्रथिनाच्या तपासणीने ते ओळखता येतं.

हिरव्या रंगाचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. तो रंग पांढऱ्या पेशींतल्या एका विकराचा असतो आणि विषाणूच्या साध्या सर्दीतही येतो. त्यावरून अँटिबायोटिक ठरवता येत नाही.

वाफेने बरं वाटतं, त्याबद्दल वाद नाही. पण सर्दीनंतर एखाद्या किशोरवयीन मुलाच्या कपाळावर मऊ, दुखरी सूज आली तर वाफेत घालवलेला प्रत्येक दिवस महागात पडतो. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने 1760 मध्ये वर्णन केलेला हा ‘पॉट्स पफी ट्यूमर’. नावात ट्यूमर असला तरी ही गाठ नव्हे; कपाळाच्या सायनसमधला संसर्ग हाडात उतरून हाडाच्या आवरणाखाली पू साचलेला असतो. तोच पू हाडाच्या आतल्या बाजूला, मेंदूकडेही गेलेला असू शकतो.

आता पुन्हा दुखण्याकडे आणि स्कॅनकडे. मधुमेह आटोक्याबाहेर गेलेल्या किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाचा गाल बधिर झाला, नाकात किंवा टाळूवर काळी खपली दिसली, तर म्युकरमायकोसिस या बुरशीच्या संसर्गाची शंका घ्यावी लागते. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून ऊती मारते. त्या जागेची संवेदनाच जाते, त्यामुळे तिथे न दुखणं हे इथे वाईट लक्षण आहे. गंमत अशी की सुरुवातीच्या स्कॅनमध्ये नुसतं जाड अस्तर दिसू शकतं, अगदी साध्या सर्दीसारखं. म्हणून डॉक्टर स्कॅनवर विसंबून बसत नाहीत. त्या काळ्या भागाचा तुकडा काढून तातडीने तपासतात आणि संशय दाट असेल तर अहवाल येण्याआधीच ॲम्फोटेरिसिन हे बुरशीविरोधी औषध सुरू करतात.