‘दोघे-तिघे’ म्हणजे चर्चला सुट्टी नव्हे

‘जिथे दोघे-तिघे माझ्या नावाने जमतात तिथे मी आहे, असं येशूच म्हणाला, मग दर रविवारी चर्चला कशाला जायचं?’ असा मजकूर सध्या फिरतोय. वचन खरं आहे (बायबल, मत्तय १८:२०), निष्कर्ष चुकीचा.

जरा मागे, १५व्या वचनापासून वाचा. भाऊ चुकला तर आधी एकांतात सांगा. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत न्या. तरीही नाही, तर मंडळीला, म्हणजे चर्चच्या समुदायाला, कळवा. म्हणजे विषय मंडळीतल्या तंट्याचा आहे. जिला टाळायला हे वचन वापरतात, ती मंडळी तिथे गृहीतच धरलेली आहे! येशू स्वतः आपल्या रिवाजाप्रमाणे शब्बाथ दिवशी (यहुद्यांच्या साप्ताहिक पवित्र दिवशी) सभास्थानात, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळी, गेला (लूक ४:१६). एकत्र जमणं सोडू नका, असं इब्री १०:२५ सांगतं. सोडणारे तेव्हाही होतेच.

एक रविवार चुकला की तारण (पापातून सुटका) गेलं, हा उलट टोकाचा दावाही खरा नाही. कॅथलिक नियमात रविवारची मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) बंधनकारक आहे, पण आजारपण किंवा तान्ह्या बाळाची काळजी ही रास्त कारणं मानली जातात. अंथरुणाला खिळलेल्यांकडे तर कम्युनियन (मिस्सेतला पवित्र प्रसाद) घरी नेतात.